जाणकार माणसाची साक्ष

माझी बायको माझ्याशी भांडेनाशी झाली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खरा घाबरलो. हसू नका. पस्तीस वर्षं जिनं भाजीच्या पिशवीपासून भावकीच्या लग्नापर्यंत प्रत्येक गोष्टीवरून माझं डोकं खाल्लं, ती बाई एका संध्याकाळी गप्प झाली आणि सव्वा वर्ष गप्प राहिली. ताट वाढायची, पाणी द्यायची, विचारलं तर हो-नाही म्हणायची. डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, सगळं ठणठणीत आहे. तेव्हा तर मी जास्तच घाबरलो, कारण ती का गप्प झाली हे मला पक्कं माहीत होतं.

मी चिंतामण. खामगावला राहतो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून एकतीस वर्षं काढली. या भागातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, लेथवर उभा असलेला माणूस माझाच पोट्टा निघेल. मी तोंडाचा फटकळ आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि मला एक वाईट खोड आहे. कोणी काही नवीन करून दाखवलं की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो, "हात्तिच्या! त्यात काय?" स्वतःला सुचलेलं असो नसो, मी म्हणणारच.

आता गीताबाईचं सांगतो. गीताबाई म्हणजे माझी बायको. तिच्या उजव्या हाताला अंगठा आहे, आणि करंगळीचं एक पेर आहे. मधलं काही नाही. दोन हजार बारा साली, दिवाळीच्या आधी झालं ते. आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि कडबा कुट्टीची मशीन मीच हौसेनं आणलेली होती. पत्र्याच्या ट्रेमध्ये कडब्याची पेंढी ठेवायची, पुढचे दोन दातेरी रोळ ती आत ओढतात, आणि रोळांमागच्या मोठ्या चाकावरची पाती तिचे तुकडे करतात. रोळ पेंढी ओढतात तसं पेंढीत गुंतलेलं बाकी काहीही ओढतात. मी घरात पोरांचे पेपर तपासत बसलो होतो. मशीनचा आवाज बदलला. मी पेन टाकून धावलो आणि मेन स्विच पाडला. पुढचं मी कोणाला सांगत नाही.

तुळशीराम हा माझा जुना विद्यार्थी. मूळचा सोनाळ्याचा, खामगावात त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. कमी बोलतो, काम चोख. सोनाळ्याला त्याच्या शेजारणीचा हात असाच कुट्टीत गेला, तेव्हापासून त्यानं तोच एक ध्यास घेतला होता. सात वर्षं त्यानं किती मशीनी उघडल्या आणि जोडल्या, त्यालाच माहीत. एक दिवस त्याचा फोन आला, "सर, या बरं पाहाले."

मी गेलो. त्यानं ट्रे मधोमध एका आडव्या दांड्यावर झुलता बसवला होता. पेंढीचं वजन दांड्याच्या पुढे, रोळांकडे पडतं, त्यामुळे ट्रे आपल्या जागी टेकून राहतो. पण माणूस रोळाजवळ हात न्यायला लागला की त्याला वाकावं लागतं, आणि वाकला की त्याची छाती नाहीतर कोपर ट्रेच्या अलीकडच्या काठावर टेकतंच. काठ दबला की ट्रे झुकतो, खालची सळई ओढली जाते आणि रोळांचा क्लच सुटतो. चाक फिरत राहतं, पण रोळ जागच्या जागी थांबतात. ना वीज, ना सेन्सर. हे सांगता सांगता तुळशीरामनं चालू मशीनमध्ये स्वतःचा हात घालायला नेला. "काय करतो बे, मरशील!" मी ओरडलो. रोळ त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबले.

तरी मी काय म्हणालो असेन? "हात्तिच्या! त्यात काय?" तुळशीराम हसला. "हो ना सर, लय सोपं हाय," म्हणाला.

त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. अर्ज सरकारी जर्नलमध्ये छापून आला, तर सोनाळ्यात लोकांना वाटलं पेटंट मिळालंच. लगेच सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, हार, मंडप, मोबाईलवर शूटिंग. गुरू म्हणून मला स्टेजवर बसवलं आणि माईक हातात दिला. माझ्या हातात माईक म्हणजे काय, ते खामगावकरांना विचारा. मी सुरू झालो. "तुळशीरामनं केलं त्यात नवल काही नाही. झुलता पत्रा आणि सुटणारा क्लच, दोन्ही मी वर्गात दरवर्षी शिकवत होतो. माझा कोणताही पोट्टा हे डोळे मिटून करू शकला असता. मला तर हे कधीचंच माहीत होतं!" टाळ्या पडल्या. विद्यार्थ्याच्या कौतुकातला घासभर आपल्याही ताटात ओढावा, एवढंच माझ्या मनात होतं. सत्काराच्या स्टेजवर कोणता मास्तर ते करत नाही, सांगा.

मग माझी नजर खाली बायकांच्या रांगेवर गेली. गीताबाई पहिल्याच रांगेत होती. तिनं डावा हात उजव्यावर ठेवला होता, वरून पदर. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, आणि तसं पाहणं मी आमच्या लग्नापासून कधी पाहिलं नव्हतं. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. खामगावला उतरल्यावर मी म्हटलं, "रस घ्यायचा का?" ती म्हणाली, "नको." त्यानंतर ती आपणहून काही बोललीच नाही.

तिनं काय हिशेब मांडला असेल, ते कळायला मी काही दुधखुळा नव्हतो. नवरा म्हणतो, कधीचंच माहीत होतं. म्हणजे बारा सालच्या आधी. म्हणजे माहीत असून यानं मशीन तशीच ठेवली आणि मला तिच्यापुढे उभं केलं. तुम्ही म्हणाल, मग सरळ सांगून टाकायचं, की बाई, मी बढाई मारली. शंभर वेळा तोंडापर्यंत आलं. पण सांगता येईना, कारण मला स्वतःलाच खात्री नव्हती. दोन्ही गोष्टी मी खरंच शिकवत होतो. मग मला खरंच माहीत होतं का? आळसात, नाहीतर उद्या करू म्हणत, मी ते डोक्यातून जाऊ दिलं होतं का? या प्रश्नाची मला इतकी भीती बसली की मी मशीनच्या आवाजानंही दचकायला लागलो.

अशात भार्गवीचा फोन आला. ही भार्गवी नागपूरची पेटंट एजंट, तुळशीरामचं काम पाहणारी. वयानं लहान, बोलणं एकदम स्पष्ट.

"सर, कुट्टी मशीन बनवणाऱ्या एका कंपनीनं तुळशीरामच्या अर्जावर हरकत घेतली आहे. त्यांचं म्हणणं, हा शोध ऑब्व्हियस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या कामातल्या जाणकार माणसाला सहज सुचेल असा. सहज सुचण्यासारखं असेल तर पेटंट मिळत नाही. झुलता ट्रे जुना, क्लच जुना, ते दोन्ही पुस्तकांत आहे, हे आपण नाकारतच नाही. प्रश्न एवढाच, की ते असे जोडायचे हे जाणकार माणसाला सहज सुचलं असतं का. आणि सर, जाणकार माणूस म्हणून त्यांनी तुम्हालाच पुढे केलंय. सत्काराचा व्हिडिओ दाखल केलाय त्यांनी. व्हिडिओ अर्जानंतरचा आहे, म्हणून त्यानं शोध जुना ठरत नाही, पण तुमच्या तोंडचे शब्द आहेत. पेटंट ऑफिसच्या कंट्रोलर साहेबांनी तुमची साक्ष घ्यायचं ठरवलंय. शपथेवर."

सव्वा वर्ष जो प्रश्न मी घरात टाळत होतो, तोच आता सरकार मला विचारणार होतं. हे सहज सुचण्यासारखं होतं असा निकाल लागला, तर तुळशीरामची सात वर्षं पाण्यात. आणि माझ्यासाठी तर त्याहून वाईट. सहज सुचण्यासारखं होतं, आणि तरी तू बायकोचा हात जाऊ दिलास, असं शिक्क्याच्या कागदावर आलं असतं.

तुळशीराम घरी आला. खाली मान घालून बसला. "सर, तुमी खरं काय ते बोला. माह्यासाठी खोटं बोलू नका," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. खरं काय ते! अरे बाबा, तेच तर मला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लोखंडी पेटी उघडली. माझ्या पाठाच्या वह्या तिच्यात होत्या, एकूण एक. मी पान उलटायचो आणि आधी डोळे बारीक करायचो. ट्रेचं, रोळाचं, त्या सळईचं एकत्र चित्र दिसलं तर मी मेलोच, असं वाटत होतं. आणि शहाण्णव सालच्या वहीत ते पान आलं. डाव्या पानावर मधोमध टेकूवर झुलणारा पत्रा. उजव्या पानावर सळईनं सुटणारा क्लच. दोन्ही माझ्या हातची, सुबक, शिसपेन्सिलीनं काढलेली. मधे फक्त वहीची शिवण. जोडणारी एकही रेघ नव्हती. मी पान उन्हाकडे धरून पाहिलं, खोडलेली रेघ तरी आहे का म्हणून. नव्हती.

मागे चाहूल लागली. गीताबाई दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"सापडलं?" ती म्हणाली.

"काय?" मी म्हटलं.

ती आत निघून गेली. मी वही मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. घाम इतका सुटला की पानावर थेंब पडला.

साक्षीच्या दिवशी मी निघालो, तर ती चपला घालून तयार. "मी येते," म्हणाली. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तुळशीरामच्या वर्कशॉपमधल्या छोट्या ऑफिसात भार्गवीनं लॅपटॉप मांडला होता. पडद्यावर एका चौकटीत मुंबईच्या ऑफिसातले कंट्रोलर साहेब, दुसऱ्या चौकटीत कंपनीचे वकील. मी लॅपटॉपपुढे, तुळशीराम भिंतीला टेकून, आणि गीताबाई माझ्या मागे स्टुलावर. ती मला दिसत नव्हती. तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या तेवढ्या मधून मधून वाजायच्या, आणि वाजल्या की माझी मान आखडायची.

शपथ झाली. वकिलांनी आधी व्हिडिओ लावला. माझाच आवाज, माझेच हातवारे. "मला तर हे कधीचंच माहीत होतं!" टाळ्या. लाजेनं माझे कान तापले.

"हे तुम्हीच ना?" वकील गोड आवाजात म्हणाले.

"हो."

"झुलता पत्रा शिकवत होतात?"

"हो."

"सळईनं सुटणारा क्लच?"

"दरवर्षी."

"एकाच वर्गाला?"

वही घरी होती. कोणी मागितली नव्हती, कोणाला माहीतही नव्हती. पण मागे बांगड्या वाजल्या. मी म्हणालो, "एकाच वर्गाला. वहीच्या समोरासमोरच्या पानांवर."

भार्गवीचं पेन थांबलं. तुळशीरामनं डोळे मिटले. वकील तर खुर्चीत पुढे सरकले. "समोरासमोरच्या पानांवर! मग ती दोन पानं जोडायला अक्कल ती कितीशी लागते?"

"मलाही तसंच वाटत होतं, साहेब," मी कंट्रोलर साहेबांकडे पाहत म्हणालो. "म्हणूनच मी सव्वा वर्ष घाबरून आहे. बारा साली माझ्या बायकोचा हात कुट्टीत गेला. माझ्याच घरी, माझ्याच मशीनमध्ये. त्यानंतर ती मशीन वर्षभर झाकून ठेवली. मग म्हशी विकल्या आणि मशीन साखरखेर्ड्याच्या महादेवराव नावाच्या माणसाला देऊन टाकली. द्यायच्या आधी मी तिच्यापुढे आठ दिवस बसलो होतो. पुन्हा कोणाचा हात जाऊ नये म्हणून काय करता येईल, हा एकच विचार. वर्कशॉप हाताशी, नोकरीत आयुष्य गेलेलं, दोन्ही गोष्टी तोंडपाठ. आणि बायकोचा हात तेव्हा नुकताच बरा झालेला, रोज डोळ्यांपुढे. माझ्याइतकी गरज कोणाला होती, सांगा. तर आठ दिवसांनी मी काय केलं? लाल रंगाचा डबा आणला आणि ट्रेवर लिहिलं, 'सावधान, हात सांभाळा.'"

मी तसाच पुढे बोलत राहिलो, थांबलो असतो तर रडलो असतो. "माझी अक्कल तिथवरच गेली, साहेब. मी रोळांकडे पाहत राहिलो, कारण हात तिथं गेला होता. त्याच्या आधी ती वाकली होती, तिची छाती काठाला टेकली होती, हे मला दिसलंच नाही. तुळशीरामला दिसलं. आता त्यानं दाखवल्यावर कोणालाही सोपं वाटेल. मलाही वाटतं."

"म्हणजे सभेत तुम्ही खोटं बोललात?"

"हो. बढाई मारली. मला काहीही माहीत नव्हतं."

साहेबांनी बराच वेळ काहीतरी लिहून घेतलं. मग दोन्ही बाजूंचा अर्धा तास कायदा चालला, तो माझ्या डोक्यावरून गेला. ऑर्डर नंतर कळवतो म्हणून साहेबांनी पडदा बंद केला. ती ऑर्डर दीड महिन्यानं आली आणि तुळशीरामच्या बाजूनं आली. तिच्यात माझ्या लाल रंगाचा डबाही आहे, एका अख्ख्या परिच्छेदात. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

मी मागे वळलो तर स्टूल रिकामं होतं. गीताबाई बाहेर वर्कशॉपमध्ये, तुळशीरामच्या मशीनपाशी उभी होती. मशीन बंद होती. ती उजव्या हाताचा राहिलेला पंजा ट्रेच्या काठावर ठेवून दाबत होती आणि सोडत होती. दाबला की खाली सळई खट्कन सरकायची. मी जवळ जायला घाबरत होतो. तरी गेलो.

"सव्वा वर्स मी हेच समजून राह्यली का तुमाले माहीत होतं," ती मशीनकडे पाहतच म्हणाली. "जेवू घालतानी मनात ये, या माणसाले माहीत होतं."

"नव्हतं गं. देवाशप्पथ नव्हतं."

"मंग हे घरी सांगाले काय झालं होतं? सोनाळ्यात माईकपुढं एक बोलले, इथं माईकपुढं दुसरं. मी कोनतं खरं धरू? तुळशीरामसाठी तं नाही बोलले ना?"

"तुला वाटतं ते धर," मी म्हणालो. "मला नाही सुचलं, गीता. आधीही नाही आणि नंतरही नाही. मी तुझ्या हाताकडे पाहत राहिलो आणि मला काही म्हणजे काहीच सुचलं नाही."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. डोळे भरलेले होते, पण तोंड जुनं, भांडायच्या वेळचं. माझ्या जिवात जीव आला. आता ही मला धुऊन काढणार, म्हटलं, काढू दे बाई, मनसोक्त काढ.

"बरं. तवा माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आता तं माहीत हाय ना तुमाले?"

"हो."

"कधीपासून?"

"तुळशीरामनं दाखवलं तेव्हापासून. दोन वर्षं होतील."

"मंग साखरखेर्ड्याच्या मशीनवर आता कोन उभं राह्यते?"

सव्वा वर्ष मी स्वतःच्या मागच्या पापाच्या भीतीत बुडालो होतो, वह्या चाळत होतो, आणि माझ्या हातची ती मशीन तिकडे रोज चालत होती. एकदाही, एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. मी खिशातून फोन काढला. घाईघाईत यादी वरखाली करत राहिलो, पण महादेवरावचं नाव सापडेना. गीताबाईनं माझं मनगट धरलं, तेव्हा ते नाव सापडलं.

स्पीकरवर रिंग गेली. पुन्हा गेली. फोन एका बाईनं उचलला. मागे घरघर चालू होती.

"मी खामगावहून चिंतामण बोलतो. महादेवराव आहेत का?"

"बाबा वावरात गेले. मी सून बोलते त्यांची, जनका. जरा मोठ्यानं बोला जी, कुट्टी चालू हाय. एका हातानं पेंढी लोटून राह्यली, काई ऐकू येत नाही."

मी काही म्हणायच्या आत गीताबाईनं फोन माझ्या हातातून हिसकला आणि सगळं वर्कशॉप दणाणेल अशा आवाजात ओरडली, "बंद कर वं माय! आधी मशीन बंद कर!"

पलीकडची घरघर हळूहळू कमी होत थांबली.

"केली बंद," ती पोर घाबरून म्हणाली. "काऊन? काय झालं?"